परदेशात कायदा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र : मराठवाड्यातून सतत येणारे प्रश्न

संभाजीनगर, नांदेड, लातूरपासून किनवट-गेवराईपर्यंतची मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. फी, व्हिसाच्या रकमा आणि मुदती दरवर्षी हलतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी मूळ संकेतस्थळावर जो आकडा असेल तोच खरा धरा.

१. या तिन्ही विषयांची तयारी एकसारखीच करायची का?

नाही. कायद्याची पदवी त्या त्या देशाच्या न्यायव्यवस्थेला बांधलेली असते. जर्मनीत वकील व्हायचं तर जर्मन भाषेतल्या दोन राज्य परीक्षा द्याव्या लागतात. अमेरिकेत आधी कुठलीतरी पदवी आणि मग तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी. इंग्लंडमध्ये बारावीनंतरच एलएलबी सुरू होते. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राला असलं कुंपण नाही. तिथे शिकलेली संशोधनपद्धती इथेही चालते.

म्हणून कायद्याच्या बाबतीत आधी काम कुठे करायचं ते ठरवा आणि मग शिकायचं कुठे ते. परभणीच्या जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात उभं राहायचं असेल, तर कायद्याची पहिली पदवी भारतातच घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत आहे.

२. बारावीनंतर थेट लंडनहून एलएलबी करून आले, तर इथे वकिलीची सनद मिळेल का?

लगेच नाही. बाबासाहेबांच्या काळी बॅरिस्टर होऊन आलेला माणूस मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करू शकत होता, आणि घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात अजून तेच चित्र असतं. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात बॅरिस्टरांसाठीची ती वाट ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच ठेवली आहे.

आज परदेशी एलएलबी घेतलेल्या भारतीय नागरिकाला तीन गोष्टी कराव्या लागतात. ते विद्यापीठ आणि ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेत असायला हवी. मग कौन्सिलची पात्रता परीक्षा, ज्यात संविधान, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया असे भारतीय कायद्याचे पेपर असतात. त्यानंतर इतरांसारखीच अखिल भारतीय बार परीक्षा. बारावीवर केलेली तीन वर्षांची एलएलबी कौन्सिल पुरेशी धरत नाही, कारण इथे बारावीनंतरचा कोर्स पाच वर्षांचा आहे. अशांना आधी दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम सांगितला जातो. म्हणजे वाचलेली दोन वर्षं पुन्हा तिथेच जातात. घरबसल्या ऑनलाइन केलेली परदेशी एलएलबी सनदेसाठी चालत नाही.

आणखी एक अडचण प्रवेशाच्या वेळचीच. काही नामांकित ब्रिटिश विद्यापीठं महाराष्ट्र मंडळाची बारावी थेट धरत नाहीत आणि एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स मागतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई, यूसीएल यांना एलएनएटी ही प्रवेश परीक्षाही लागते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यावर संपते, बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या कितीतरी आधी.

३. माझी एलएलबी इथेच झाली आहे. बाहेरून एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केली तर नेमकं काय पदरात पडतं?

सनदेला धक्का लागत नाही, ती भारतीय एलएलबीवर मिळालेली असते. लवाद, आंतरराष्ट्रीय व्यापार, मानवी हक्क, स्पर्धा कायदा अशा क्षेत्रांत नऊ ते बारा महिन्यांची एलएलएम उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं असेल तर मात्र त्यासाठी एलएलएम लागतच नाही. तिथे २०२१ पासून एसक्यूई ही सॉलिसिटरची पात्रता परीक्षा आहे. तिचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसायचं असेल तर तिथल्या परीक्षा मंडळाकडून भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घ्या, तेही किमान वर्षभर आधी. हे न करता एलएलएमची फी भरणारे बरेच आहेत.

इथे प्राध्यापक व्हायचं असेल तर जपून. बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांत परदेशातली एक वर्षाची एलएलएम भारतीय एलएलएमच्या बरोबरीची धरलेली नाही, आणि ते नियम सर्वोच्च न्यायालयातही गेले. शिकवण्याचा विचार पक्का असेल तर एलएलएम इथे आणि पीएचडी बाहेर, हा क्रम सुरक्षित. (बाकी विषयांसाठी प्रश्न १६ पाहा.)

४. बीए मराठी माध्यमातून झालंय. प्रवेश मिळतो का?

मिळतो. माध्यम मराठी असल्याने अर्ज नाकारला जात नाही. फक्त 'इंग्रजी माध्यमातून शिकलो' या दाखल्यावर मिळणारी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली सूट तुम्हाला नाही. तो दाखला खोटा आणू नका. महाविद्यालयाच्या परीक्षा मराठीत होत्या हे गुणपत्रकावरून किंवा एका ईमेलने कळतं, आणि मग पूर्ण अर्जच बाद होतो.

आयईएलटीएसमध्ये समाजशास्त्र-राज्यशास्त्राला साधारण ६.५ ते ७ आणि एलएलएमला ७ ते ७.५ मागतात. आपल्याकडची मुलं अडकतात ती लेखनात. वाचन-श्रवणात ७.५ आणि लेखनात ६ असा निकाल नेहमीचा आहे, आणि प्रत्येक भागाचा किमान बँड वेगळा असल्याने सरासरी चांगली असूनही प्रवेश जातो. सरावाला सहा महिने धरा आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ लेखनाला द्या. निकाल दोन वर्षं चालतो.

५. ५८ टक्के आहेत आणि एक एटीकेटी. काही होईल का?

ब्रिटनमध्ये मधल्या फळीतली विद्यापीठं मिळू शकतात. विषय पुढे सुटलेला असेल तर एका एटीकेटीने फारसं बिघडत नाही. ती लपवली तर बिघडतं.

जर्मनीत तुमची टक्केवारी सूत्राने बदलतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तीर्णतेची रेषा ४० असेल तर ५८ टक्क्यांचे ३.१ होतात आणि ७० टक्क्यांचे २.५. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला आणि बऱ्याच मास्टर्सची अट २.५ ची असते. उत्तीर्णतेची रेषा गुणपत्रकावर छापलेली नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या, नाहीतर समोरचा आपल्या मनाने आकडा धरतो.

६. तीन वर्षांची बीए चालते का, की चौथं वर्ष करू?

ब्रिटनमध्ये चालते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी चालते, पण श्रेयांकांची (क्रेडिट्सची) संख्या तपासली जाते. अमेरिकेत विद्यापीठागणिक उत्तर वेगळं. काही ठिकाणी चार वर्षंच हवीत. एमए झालेलं असेल तर हा प्रश्न उरत नाही.

७. विद्यापीठातून कोणकोणते कागद काढून ठेवू?

सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा), पदवी प्रमाणपत्र (दीक्षान्त समारंभ झालेला नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र), सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर करणारं पत्र आणि अभ्यासक्रमाची प्रत. ट्रान्सक्रिप्टच्या किमान पाच प्रती मोहोरबंद लिफाफ्यात घ्या. लिफाफ्याच्या जोडावर शिक्का हवा आणि तो घरी फोडायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, परीक्षा आणि निकालाच्या हंगामात ही कामं रेंगाळतात. प्रवेश सप्टेंबरचा असेल तर आदल्या दिवाळीच्या आत हे उरका.

अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून घ्यायचा शिक्का, प्रत्येकाला लागत नाही. मागितलं तरच करा: आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

८. गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. गोंधळ होईल?

होतो, आणि सगळ्यात जास्त इथेच. बोर्डाच्या गुणपत्रकावर 'जाधव राहुल सुभाष', आधारवर 'राहुल सुभाष जाधव' आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, अशी तीन रूपं एकाच मुलाची असतात. पासपोर्ट काढतानाच आडनाव आणि नाव दोन्ही रकाने भरा. आडनाव रिकामं राहिलं असेल तर पासपोर्ट दुरुस्त करूनच अर्जाला लागा, कारण आयईएलटीएस, विद्यापीठ आणि व्हिसा तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव चालतं. नुसता क्रम वेगळा असेल तर 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. स्पेलिंग वेगळं असेल (एकीकडे दोन ए, दुसरीकडे एक), तर बोर्डाकडून दुरुस्ती करून घेणं बरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत ठेवावं.

९. जन्मदाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आहे. बदलून घेऊ का?

गरज नाही. जुने कागद जसेच्या तसे वैध आहेत. अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहा. पत्त्यात नवं आणि जन्मस्थळात जुनं नाव येत असेल, तर २०२३ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं एवढी एक ओळ पुरे.

१०. सर म्हणतात, 'शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.' आणू का?

सर तुम्हाला ओळखत असतील तर त्यांना मुद्दे लिहून द्या: कोणता पेपर, कोणता प्रकल्प, वर्गात काय मांडलंत. पत्र त्यांनाच लिहू द्या, मराठीत लिहून इंग्रजी करून घेतलं तरी चालेल. आजकाल पत्राची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते. एसओपी (अर्जासोबतचं तुमचं उद्देशपत्र) आणि दोन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघाली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. ईमेल महाविद्यालयाच्या डोमेनचा हवा. तो नसेल तर लेटरहेड, शिक्का आणि महाविद्यालयाचा दूरध्वनी क्रमांक द्या. प्राचार्यांच्या 'सालस व होतकरू' छापाच्या पत्रापेक्षा ज्यांनी तुमचा लघुप्रबंध तपासला त्या प्राध्यापकांचं पत्र कामाचं.

११. एसओपीत काय लिहू? 'दुष्काळग्रस्त भागातून आलो' हे लिहायचं का?

नुसतं तेवढंच लिहिलं तर नको. समाजशास्त्राला गरिबीच्या वर्णनातून निघालेला प्रश्न हवा असतो. बीड जिल्ह्यातला विद्यार्थी ऊसतोडीवर लिहीत असेल, तर मुकादम हंगामाआधी उचल देतो, नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते आणि हिशोब त्या कोयत्याच्या नावे होतो, हे तीन ओळींत सांगा. मग विचारा: बाईची मजुरी जोडीत विरघळते तेव्हा कर्ज कुणाच्या नावावर राहतं? हा प्रश्न कुठल्याही विद्यापीठात उभा राहील. राज्यशास्त्रासाठी हैदराबाद संस्थानातून आलेला जमिनीचा वारसा, १९७८ ते १९९४ चं नामांतर आंदोलन, सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका. साहित्य दाराशीच आहे.

पुढच्या परिच्छेदात त्या विभागात या प्रश्नावर कोण काम करतं आणि कोणते दोन पेपर तुम्ही घेणार ते लिहा. एलएलएमची एसओपी वेगळी असते: कोणत्या प्रकारची प्रकरणं हाताळली आणि कुठल्या तरतुदीशी अडलं, इथून सुरुवात करा. शब्दमर्यादा पाळाच.

१२. जर्मनीत शिक्षण फुकट आहे म्हणतात. खरं का?

शिकवणी फी बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, पण राहण्याखाण्याचा खर्च आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे गोठवून ठेवायच्या बँक खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, आणि राज्यशास्त्रासाठी नावाजलेली मानहाइम आणि कॉन्स्टान्झ नेमकी त्याच राज्यात आहेत. इंग्रजीतल्या एलएलएमला बहुधा फी असतेच.

भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचा दाखला) लागतं, शुल्क १८,००० रुपये. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधीच अर्ज टाका. समाजशास्त्राचे बरेच अभ्यासक्रम पूर्ण जर्मनमध्ये असतात. यादीत 'इंग्रजी' दिसलं तरी सगळे पेपर इंग्रजीत आहेत का ते तपासा.

१३. घरची पाच एकर कोरडवाहू. शिष्यवृत्तीशिवाय जमणार नाही. कुठे अर्ज करू?

राज्याच्या योजना प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, वर्षाला ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. वयोमर्यादा पदव्युत्तरला ३५, पीएचडीला ४०. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. उत्पन्न, गुण आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी बऱ्याचदा बदलल्या आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जागांची आहे (अनुसूचित जाती, विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर). कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि किमान ६० टक्के लागतात. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे, २० जागांची.

ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती: २,८०० तासांचा कामाचा अनुभव, अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि परतल्यावर दोन वर्षं मायदेशात राहण्याची अट. वकिली किंवा संस्थेतलं काम या तासांत धरता येतं.

पीएचडीच करायची असेल तर अमेरिकेकडे पाहा. तिथे समाजशास्त्र-राज्यशास्त्राच्या चांगल्या पीएचडीत फी माफ असते आणि पाचेक वर्षं विद्यावेतन मिळतं. पदरचे पैसे घालून पीएचडीला जाऊ नका.

१४. माझा पीएचडीचा विषय मराठवाड्यातली जात आणि जमीन आहे. केंद्राची शिष्यवृत्ती मिळेल?

इथे खरी मेख आहे. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. त्यावर टीका भरपूर झाली. चालू वर्षाच्या सूचनांतलं हे कलम वाचल्याशिवाय अर्ज करू नका. कलम तसंच असेल, तर विद्यापीठाला एक विषय आणि मंत्रालयाला दुसरा असं सांगणं धोक्याचं. प्रवेशपत्र आणि संशोधन आराखडा एकमेकांशी ताडून पाहिले जातात. अशा विषयाला राज्याच्या योजना किंवा विद्यापीठाचा स्वतःचा निधी शोधा. दोन देशांची तुलना करणारा आराखडा तुमच्या अभ्यासाला खरंच शोभत असेल तर तोही मार्ग आहे.

१५. पैशांचा पुरावा कसा दाखवायचा? काकांच्या खात्यात रक्कम आहे, शिवाय शेतजमीन आहे.

ब्रिटनच्या व्हिसाला काकांचं खातं चालत नाही आणि जमिनीचा सातबाराही नाही. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं हवं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. काकांना द्यायचेच असतील तर रक्कम आधी वडिलांच्या खात्यात येऊ द्या आणि मग खाली दिलेले २८ दिवस मोजा.

रक्कम म्हणजे उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड धरतात, म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. ही शिल्लक सलग २८ दिवस हवी. एक दिवस जरी खाली गेली, अगदी विम्याचा हप्ता कापल्यामुळे, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पौंडाचा भाव हलतो, म्हणून दहा टक्के जास्त ठेवा. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे एकदम जमा झाले असतील तर आडत्याची पट्टी जपून ठेवा.

कर्जाचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर बँका बहुधा मागतात. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. गावठाणातल्या घराला बऱ्याच शाखा नकार देतात. एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव चालते. हे कळायला अनेकांचे दोन महिने जातात, तेव्हा ऑफर लेटरची वाट न पाहता शाखेत विचारून घ्या. मंजुरीपत्र विद्यार्थ्याच्या नावे हवं.

शिष्यवृत्तीचा निकाल उशिरा लागतो ही वेगळी डोकेदुखी. राज्याच्या याद्या कधी कधी वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर येतात आणि विद्यापीठ तर आधीच अनामत मागतं. प्रवेश विभागाला लेखी कळवून अनामत माफी किंवा मुदतवाढ मागा. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जदारांना ती बऱ्याचदा मिळते. नाही मिळाली तर प्रवेश पुढच्या वर्षावर टाकता येतो का ते विचारा, मात्र बदललेलं वर्ष शिष्यवृत्तीला चालतं का हेही बघा.

१६. परत आल्यावर एमपीएससी देता येईल? प्राध्यापक होता येईल?

पदवी भारतीय पदवीशी समकक्ष ठरली तर होय. यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम अधिसूचित केले. ब्रिटनशी जुलै २०२२ मध्ये परस्पर मान्यतेचा करार झाला आणि तिथली एक वर्षाची एमए त्यात बसते. कायदा दोन्हींतून वगळलेला आहे, त्याचा विचार बार कौन्सिल करते (प्रश्न २ आणि ३). परदेशी पीएचडी क्यूएससारख्या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ५०० विद्यापीठांतली असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट परीक्षेतून सूट आहे.

१७. शिक्षण झाल्यावर तिथे किती दिवस थांबता येतं?

ब्रिटनमध्ये दोन वर्षं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष, पीएचडीला तीन. जर्मनीत काम शोधायला १८ महिने. अमेरिकेत १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ आपल्या विषयांना सहसा नाही. 'अमेरिकेत तीन वर्षं मिळतात' असं कुणी सांगितलं तर तो इंजिनिअरचा हिशोब असतो.

१८. एजंट फी न घेता सगळं करून देतो म्हणतो. जाऊ का?

त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून फुकट. ज्या विद्यापीठाचं कमिशन नाही ते तो सुचवणार नाही. जर्मनीची सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेतली निधी देणारी पीएचडी त्याच्या यादीत नसते. गेलातच तर लॉगिन आणि ईमेल स्वतःचा ठेवा, आणि एसओपी त्याच्याकडून लिहून घेऊ नका.

१९. लग्न झालंय, लहान मूल आहे. जोडीदाराला सोबत नेता येईल?

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला, म्हणजे एलएलएम आणि एमएला, कुटुंब नेता येत नाही. पीएचडी आणि संशोधनावर आधारित मास्टर्सला येतं. सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्यांना वेगळी सवलत आहे, पण त्यासाठी अभ्यासक्रम सहा महिन्यांहून मोठा आणि शिष्यवृत्ती पूर्ण असावी लागते. राज्याच्या योजनेचं पत्र त्यात बसतं का हे व्हिसा अर्जाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाकडून लेखी घ्या. जोडीदाराचा आणि मुलाचा खर्च प्रश्न १५ मधल्या रकमेवर वेगळा धरला जातो.